सतरा नंबरचा फिकट रंग

बाईंचं टेबल माझ्या खोलीला लागूनच होतं. मधे अर्धी भिंत आणि वर काच. काचेतून मला त्यांचा चष्मा आणि घट्ट बांधलेले केस एवढंच दिसायचं, हात दिसत नसत. पण हातांचं काम आवाजावरून कळे. गठ्ठ्याची नाडी सुटायची, कागद उलटायचा, जाड पुस्तकाची दोन-चार पानं सरसर जायची आणि शेवटी पेनाची बारीक करकर. तेवढ्यात एक माणूस संपलेला असायचा.

आमची कचेरी आरोग्याच्या आकड्यांची. बावीस जिल्ह्यांतून मृत्यूचे दाखले तिथे यायचे आणि प्रत्येक दाखल्यावर मरणाच्या कारणाचा क्रमांक घालायचा, हे बाईंचं काम. ऐकायला सोपं वाटतं. मीही सुरुवातीला तसंच समजत होतो. पण दाखल्यावर लिहिलेलं असायचं, 'हृदय बंद पडलं.' बाई म्हणायच्या, "हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं हो! ते कशामुळे बंद पडलं ते सांगा ना." मग त्या खालची ओळ वाचायच्या, तिच्या खालची वाचायच्या, अक्षर लागलं नाही तर भिंग घ्यायच्या, आणि मूळ दुखणं हुडकून त्याचा क्रमांक घालायच्या. साहेब त्यांना चित्रगुप्त म्हणत. बाई रागावत नसत. "चित्रगुप्ताला निदान पाप-पुण्य तरी कळायचं," म्हणायच्या, "मला मेलं डॉक्टरांचं अक्षर कळत नाही."

मी नकाशे काढायचो. बाईंनी क्रमांक घातले, मोजणीच्या खोलीत त्यांची बेरीज झाली, की दर लाख माणसांमागे अमुक दुखण्याने किती गेले असे तक्ते माझ्याकडे येत आणि मी त्याप्रमाणे जिल्हे रंगवायचो. फिकट म्हणजे कमी, गडद म्हणजे जास्त. बाई मला रंगारी म्हणत. "काय रंगारी, आज कोणाला काळं फासताय?" असं दारातून विचारून पुढे जायच्या. मला उत्तर सुचायचं ते त्या आपल्या खुर्चीत जाऊन बसल्यावर.

बाई एकट्या राहत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत. लग्न केलं नव्हतं, म्हणजे वेळच मिळाला नव्हता. आई गेली तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या आणि धाकटी बहीण नऊची. आई कशाने गेली हे दोघींना कोणी सांगितलं नाही. दार लावलेलं असायचं, आतून औषधाचा वास यायचा आणि शेजारणी कुजबुजत असायच्या, एवढंच त्यांना आठवत होतं. पुढे बाईंनी नोकरी धरली, बहिणीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. बहीण गेली ती डोंगरापलीकडे. आमच्या कागदांवर त्या जिल्ह्याचा नंबर सतरा. बसने आठ तास, आणि थंडीचे दोन महिने रस्ताच बंद. तिचा नवरा शाळेत शिक्षक, दोन मुली, आणि ती स्वतः घरात विणकामाचं यंत्र ठेवून शाळांसाठी स्वेटर विणायची. दर रविवारी अकरा वाजता ती बसथांब्याजवळच्या दुकानात येऊन ताईला फोन करायची. सोमवारी डबा खाताना त्या फोनचा सगळा वृत्तांत मला ऐकायला मिळे. धाकट्या मुलीने यंत्राची सुई कशी मोडली, मेहुण्यांनी भाजीत दोनदा मीठ कसं घातलं. मला त्या घरातलं सगळं माहीत होतं, मी ते कधी पाहिलं नसलं तरी.

सतरा नंबरचे गठ्ठे पातळ असत. तिथे डॉक्टर मोजके, मोठं इस्पितळ नाहीच. माणूस घरी गेला की गावचा कारकून दाखला लिहायचा आणि घरचे सांगतील ते कारण घालायचा. 'अशक्तपणा.' 'ताप.' 'बरेच दिवस आजारी.' एकदा बाईंनी काचेवर टकटक करून मला बोलावलं आणि एक दाखला पुढे धरला.

"वाचा."

मी वाचलं. "म्हातारपण."

"आता वय वाचा."

"त्रेचाळीस."

"माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे ही म्हातारी," बाई म्हणाल्या. "आता मी हिला कुठला क्रमांक घालू? पुस्तकात एक आहे, कारण स्पष्ट नाही. तो घातला की झालं. ही बाई कशानेच मेली नाही."

असे दाखले त्यांनी एका वहीत मांडायला सुरुवात केली होती. सतरा नंबरमधल्या पस्तीस ते साठ वयाच्या बायका. त्यांतल्या निम्म्याहून जास्त कशानेच मेलेल्या नव्हत्या. शिवाय ज्यांना खाली शहराच्या इस्पितळात आणलं जाई आणि तिथेच ज्यांचा शेवट होई, त्यांची नोंद शहरात व्हायची. कायदाच तसा होता, जिथे मृत्यू तिथे नोंद. म्हणजे उरलेल्याही शहराच्या खात्यात.

त्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचा नकाशा पहिल्यांदाच काढायचा होता. पाच छटा ठरल्या, सगळ्या गुलाबीतल्या. शहराचा जिल्हा सगळ्यांत गडद निघाला. खरं तर शहरातला आकडा आठ वर्षं हळूहळू उतरत होता, कारण तिथे गाठी लहान असतानाच सापडू लागल्या होत्या. तरी सगळ्यांत गडद तोच. मधले जिल्हे होते तिथेच होते. सतरासमोर मोजणीच्या खोलीने आकडा लिहिलाच नव्हता. 'माहिती अपुरी' अशी चिठ्ठी होती. मी साहेबांना विचारलं, हा जिल्हा पांढरा ठेवू का?

"पांढरा?" साहेब म्हणाले. "नकाशात भोक पडल्यासारखं दिसेल ते. वरच्या लोकांना काय दाखवायचं, भोक? द्या काहीतरी फिकट."

मी फिकट दिला. सगळ्यांत फिकट. पाणी जास्त घालून इतका एकसारखा उतरवला की कुठे डाग नाही, कड नाही. मला तो आवडलाही होता, हे सांगायला आता लाज वाटते.

त्याच सुमारास बातमी आली की खात्याने एक गाडी घेतली आहे. आत क्ष-किरणाचं यंत्र, गावोगाव फिरून बायकांची छाती तपासणार. बाईंना इतकं खुश मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना नकाशाचं माहीत नव्हतं, तो अजून छापखान्यात होता. त्यांच्या डोळ्यांसमोर होती त्यांची वही. गाडी सगळ्यांत आधी सतरालाच जाणार, दुसरीकडे जायचं कारणच काय, असं त्यांनी धरून टाकलं. आणि रविवारी बहिणीला सांगूनही टाकलं, रस्ता मोकळा झाला की गाडी तुमच्या दाराशी.

तेव्हा बहीण म्हणाली, "बरं झालं ताई. मला पण दाखवायचंच होतं. डाव्या बाजूला वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागतंय."

"कधीपासून?"

"मुलींच्या परीक्षा संपल्या तेव्हापासून असेल."

"रस्ता बंद व्हायच्या आत, उद्याचीच बस धर आणि इकडे ये."

"काहीतरीच काय! दोनशे स्वेटर द्यायचेत. आणि दुखत नाहीये गं. गाडी येतेच आहे ना दाराशी, मग आठ तास हाडं कशाला खिळखिळी करू?"

बाईंनी आणखी दोन रविवार रेटून पाहिलं, मग त्याही जरा सैल पडल्या. दोन महिन्यांचा तर प्रश्न होता. सोमवारी मला म्हणाल्या, "दुखत नाही म्हणते." एवढं बोलून डब्याचं झाकण लावलं. न दुखणारी गाठ म्हणजे काय हे त्यांच्याइतकं त्या इमारतीत कोणाला माहीत नव्हतं.

रस्ता मोकळा झाला आणि गाडीचं वेळापत्रक आलं. भिंतीवर लावलं होतं. वर लिहिलं होतं, 'नकाशातील मृत्युदराच्या उतरत्या क्रमाने.' पहिलं शहर, मग त्याच्या भोवतालचे जिल्हे, आणि अगदी तळाला, सहाव्या वर्षात, सतरा.

बाई वेळापत्रकासमोर उभ्या होत्या. मी मागे होतो. त्यांनी बोटाने खालून वर आणि वरून खाली दोनदा वाचलं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"रंगारी, सतराला कोणता रंग दिलात तुम्ही?"

मी सांगितलं.

"पण आकडा नव्हता ना?"

"नव्हता. साहेब म्हणाले भोक दिसेल."

त्यांनी मला सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या वही उचलून थेट साहेबांच्या खोलीत गेल्या, आणि दारातून मला खूण केली की चला.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी वही पाहिली, चहा मागवला. पण म्हणाले, "बाई, तुमची ही वही म्हणजे काही तक्ता नव्हे. अशक्तपणा म्हणजे कर्करोगच हे कशावरून?"

"कर्करोगच म्हणत नाही मी. माहीत नाही म्हणतेय. आणि माहीत नाही म्हणजे कमी नव्हे, साहेब."

"नकाशात तर कमी आहे."

"तो रंग कमीचा नाहीये. विचारा यांना."

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. 'आकडा नव्हता, तुम्ही सांगितलंत म्हणून मी रंग भरला.' पण ते म्हणजे साहेबांच्याच तोंडावर त्यांची चूक सांगणं. मी म्हणालो, "म्हणजे रंग तसा फिकटच आहे. पण तसं पाहिलं तर..." आणि थांबलो.

"बघा," साहेब म्हणाले. "दोन वर्षांनी नकाशा नवा होईलच. तेव्हा बघू. गाडीचं आता छापून गेलंय, आपल्या हातात काही नाही."

चहा आला. बाईंनी घेतला नाही. मी घेतला, कारण कप हातात दिला होता.

त्यानंतर बाईंनी बहिणीला खाली आणायचा ध्यास घेतला. पण बहिणीचं आपलं एकच, गाडीचं काय झालं? बाईंना आधी खरं सांगवेना, आणि सांगितल्यावर तिचा विश्वास बसेना. सरकारी गाडी आज नाही तर उद्या येईलच की. मग शाळा उघडायच्या आधी स्वेटर द्यायचे होते, मग धाकट्या मुलीला गोवर आला. शेवटी बाई रजा टाकून स्वतः वर गेल्या आणि बहिणीला हाताला धरून घेऊन आल्या. तोवर वाटाण्याचं लिंबू झालं होतं आणि काखेतही गाठी लागत होत्या.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाई होती. तपासून झाल्यावर हात धुताना तिने विचारलं, "इतके दिवस काय करत होतात तुम्ही?"

"गाडीची वाट बघत होते," बहीण म्हणाली.

डॉक्टरला वाटलं बसची.

पुढचं दीड वर्ष बाईंच्या दोन खोल्यांत गेलं. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, केस गेले. मी अधूनमधून जायचो. काय बोलावं ते कळत नसे, म्हणून फळं घेऊन जायचो आणि ती ठेवून निघायचो. बहीण हसरी होती. पहिल्याच भेटीत म्हणाली, "तुम्हीच का ते रंगारी? ताई म्हणते तुम्ही फार गुणी आहात, फक्त तोंड बँकेत ठेवलंय." तिला नकाशाबद्दल माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. बाईंनी सांगितलं नसावं. एकदा पाय चेपून घेताना ती बाईंना म्हणाली, "ताई, आईचं पण हेच होतं का गं?" बाई म्हणाल्या, "कोण जाणे. लिहिलंय कुठे?"

ती गेली एका दुपारी, इस्पितळात. दहा दिवसांनी शहराच्या गठ्ठ्यात तिचा दाखला आला. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाकडे देऊ का? बाईंनी मान हलवली. काचेतून मला त्यांचा चष्मा दिसत होता. पुस्तक उघडल्याचा आवाज आला नाही, तो क्रमांक त्यांना पाठ होता. पेनाची करकर झाली. मग त्या म्हणाल्या, मला की स्वतःला कोण जाणे, "शहरात एक वाढली. सतरात काहीच नाही."

पुढचा नकाशा करताना मी सतरा पांढराच ठेवला. कोणाला विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नाही. खाली कोपऱ्यात चौकट काढून त्यात नीट अक्षरात लिहिलं, 'पांढरा भाग : माहिती अपुरी.' साहेबांनी पाहिलं आणि सही केली. बहुधा त्यांनाही ती गोष्ट लागून राहिली असावी. बाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "छान झालंय." मी दोन दिवस हवेत होतो.

नकाशा ज्या अहवालात होता त्याचा आकार छापखान्यात अर्ध्या इंचाने लहान ठरला. कडा कापताना खालची चौकट गेली.

वरच्या कचेरीत बैठक झाली, साहेब जाऊन आले. संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. बैठकीत कोणीतरी नकाशावर बोट ठेवून म्हणालं होतं की सतरामध्ये तर एकही मृत्यू नाही, त्या लोकांचं कौतुक केलं पाहिजे. आणि मग, तिथे गाडी पाठवून डिझेल कशाला जाळायचं? सतराचं नाव यादीतून काढून टाकलं.

"तुम्ही सांगितलं नाही?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं हो," साहेब म्हणाले. "ते म्हणाले, चौकट दाखवा. कुठून दाखवू?"

बाई रडतील असं मला वाटलं. त्या हसल्या. फार विचित्र हसू होतं ते, आणि लगेच थांबलं. "फिकट होतो तेव्हा सहाव्या वर्षी तरी येणार होते," त्या म्हणाल्या.

आम्ही दुरुस्तीच्या चिठ्ठ्या टंकून घेतल्या. पाचशे प्रतींपैकी गोदामात चाळीस उरल्या होत्या, बाकीच्या गेल्या होत्या. दोन दिवस बसून आम्ही त्या चाळीस प्रतींत चिठ्ठ्या चिकटवल्या. मी डिंक लावायचो, बाई दाबायच्या. त्या प्रती कोणी मागायला येणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. पण पुढच्या बैठकीला वर्ष होतं, आणि दुसरं करण्यासारखं काही सुचत नव्हतं. साहेबांनी वर पत्र पाठवलं, बाईंनी वहीतली पानं उतरवून जोडली. पत्र पोचल्याची पावती आली.

मग एका रविवारी अकरा वाजता बाईंचा फोन वाजला. त्या दिवशी मी तिथेच होतो, बहिणीच्या मुलींना पाठवायला काही पुस्तकं घेऊन गेलो होतो. त्या वेळी फोन वाजला की बाई अजून दचकत. पलीकडे बहिणीची शेजारीण होती. मोठ्याने बोलत होती, मलाही ऐकू येत होतं.

"ताई, ओळखलंत का? तुमची बहीण जायच्या आधी म्हणाली होती, गाडी येणार आहे म्हणून. आम्ही नावं लिहून ठेवलीत. अकराजणी आहोत. दुकानदार म्हणतो ताईंना विचारा, त्या सरकारात आहेत. कोणत्या वारी येणार ते कळलं तर बरं, सगळ्यांना कामं असतात."

बाईंनी भिंतीला टेकून घेतलं. "गाडी येणार नाही," त्या म्हणाल्या. "ऐकताय ना? वाट बघू नका. बस धरा आणि इकडे या. माझ्याकडे उतरा, मी नेईन."

"अकराजणी?"

"दोघी-दोघी या. तिघी या. पण या."

"अहो, पण ती तर म्हणाली होती..."

"ती चुकली. मी चुकले. तुम्ही या."

पुढच्या महिन्यात तिघी आल्या. एकीला काही लागत नव्हतं, पण तिला शहर बघायचं होतं. बाकीच्या आठजणींचं काय झालं ते कळलं नाही. कोणाचा नवरा नको म्हणाला, कोणाला सुट्टी मिळाली नाही, आणि दोघी म्हणे अजून म्हणत होत्या की सरकारने सांगितलंय तर गाडी येईलच. बाईंनी दर रविवारी दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणायचा, निरोप देतो.

तिघींना इस्पितळात न्यायच्या दिवशी बाईंना कचेरीतून सुटका नव्हती, तिमाहीचे गठ्ठे आले होते. त्यांनी मला सांगितलं, "रंगारी, तुम्ही जा. नुसतं बसा तिथे. बोलायचं काही नाही."

मी गेलो. लांब बाक होता, हिरव्या रंगाची भिंत. तिघींनी आपापल्या पिशव्या माझ्या मांडीवर ठेवल्या आणि त्या एकेक करून आत गेल्या. पहिली दहा मिनिटांत बाहेर आली, दुसरी पंधरा मिनिटांत. तिसरी, जी फोन करणारी शेजारीण होती, ती बाहेर आली, पिशवी घ्यायला हात पुढे केला, आणि तेवढ्यात परिचारिकेने तिला पुन्हा आत बोलावलं.

"काय हो भाऊ," तिने मला विचारलं, "परत का बोलावतात?"

मी म्हणालो, "असंच. जा तुम्ही. पिशवी राहू द्या माझ्याकडे."

दार लागलं. उरलेल्या दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी पिशव्या धरून बसून राहिलो.